अर्धे रॅक माझे

३ फेब्रुवारी

वहिनी,

'प्रिय' लिहिणार नाही. लिहिलं होतं, मग इतकं जोरात खोडलं की कागद फाटला, म्हणून हा दुसरा घेतला.

तुझा पत्ता मला तुझ्या वकिलाच्या नोटिशीवरून मिळाला. बघ काय वेळ आणलीस. अकरा वर्षं एका घरात राहिलो, एकाच आरशासमोर एकमेकींना ढकलत वेण्या घातल्या, आणि तू कुठे राहतेस हे मला टाइप केलेल्या कागदावरून कळावं? नंबर बदललास. शाळेत फोन केला तर तिथली बाई म्हणाली, त्या वर्गावर आहेत. दर वेळी वर्गावर. बालवर्गाला एवढं काय शिकवतेस ग तू, पीएच.डी.?

मी खुशाली विचारायला लिहीत नाही. काम एवढंच आहे, तुझे ते मासिकं ठेवायचे जुने रॅक घेऊन जा.

दादानं मुदत दिली आहे. महिना संपायच्या आत घर मोकळं हवं म्हणतो. पाहुणे आले की तो जो विनोद करायचा, "आमच्याकडे एक मासिक येत नाही, पण मासिकं ठेवायला अठरा घोडे पाळलेत," तो आता विनोद म्हणून करत नाही. सकाळी बूट घालताना मुद्दाम आपल्या 'मुंगळ्या' रॅकला लाथ लागते त्याची. मुंगळ्याच्या काड्यांसारख्या तारेच्या पायांना खाली लाल गोळे आहेत ना, ते थरथरतात. मला ते बघवत नाही, एवढंच. तुझ्याशी त्याचा संबंध नाही.

वाटणी मी केलेली आहे. मुंगळा तुझा. वेताचा आणि सागवानी पट्ट्यांचा 'पाळणा' तुझा, कारण त्याच्यासाठी तू दुकानदाराशी तासभर हुज्जत घातली होतीस. वाकवलेल्या प्लायवूडचा 'हार्मोनियम' माझा. तो मी आधी पाहिला होता, तू कितीही नाही म्हण. साधारण निम्मे तुझे, निम्मे माझे, बाकी सगळं बसतंय. अडतंय ते फक्त 'बगळ्या'पाशी. पितळी सळ्या, एक पाय किंचित वाकडा, त्या जुन्या फर्निचरच्या दुकानातल्या अंधारात आपण दोघींनी एकदमच हात घातला होता. त्याचं काय करू? मधोमध कापू करवतीनं? तू सांग. सांगायची सवय नाही तुला, पण प्रयत्न कर.

त्या गुरुवारी मी दिवसभर लोकांचे कान तपासून क्लिनिकमधून आले आणि नेहमीसारखा दोन कप चहा टाकला. तुझा कप झाकून ठेवला. तो गार झाला, वर साय धरली, तरी ओतून दिला नाही. म्हटलं, येईल, परत गरम करू. मग दादा आला. त्यानं कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "गेली."

मला वाटलं, बाजारात.

उत्तर दे. चार ओळी लिही, पण लिही.

तुझ्या नवऱ्याची बहीण

१९ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. ठीक. पण आता हे वाचावंच लागेल, कारण आता गोष्ट रॅकवर राहिलेली नाही.

परवा लवकर सुटले. घरात शिरले तर बैठकीची खोली अशी बोडकी, जणू कुणी भिंतींचे दात काढलेत. खिडकीजवळ हार्मोनियम नाही. फोनखाली पाळणा नाही. तुमच्या खोलीतून आवाज येत होते, म्हणून दार ढकललं. अठराच्या अठरा रॅक तुमच्या पलंगावर, एकावर एक, उलटेपालटे, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटात. मधेमधे जुने खोके कोंबलेले, फाटकी वर्तमानपत्रं, कुठून तरी आणलेल्या रिकाम्या बाटल्या. माझी हिवाळ्यातली शालसुद्धा त्यात बोळा करून घातलेली. ढीग पार छताला टेकला होता.

आणि एक गृहस्थ मोबाइलवर फोटो काढत होते. दादा त्यांना सांगत होता, "कोपऱ्यातून घ्या. गुडघ्यावर बसून. म्हणजे उंची कळते."

त्याला कळणारच. त्याचा जन्म गेलाय विमा कंपनीसाठी नुकसानीचे फोटो काढण्यात. आगीत किती जळलं, पुरात किती भिजलं. कुठून बघितलं की काय मोठं दिसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी म्हटलं, "हे असं नव्हतं."

ते गृहस्थ, म्हणजे त्याचा वकील, वळून म्हणाले, "म्हणजे?"

दादा चटकन मधे आला. "बहीण माझी. तिच्यावरही फार ताण आलाय हो. तीही या सगळ्यातून गेलीय."

मुंगळ्याचा एक लाल गोळा तुटून कॉटखाली गेला होता. मी फरशीवर पालथी पडून तो काढला. वकील बघत होते. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

वकील गेल्यावर दादानं स्वतः चहा केला. आयुष्यात पहिल्यांदा. मला 'ठमे' म्हणाला. लहानपणी म्हणायचा, तसं. म्हणाला, "ठमे, तुला खोटं काही सांगायचं नाहीये. ती घरात भंगार आणायची की नाही? दर रविवारी गायब व्हायची की नाही? रिकाम्या रॅकशी बोलायची की नाही? तेवढंच लिहून द्यायचं. बाकीचं वकील बघतील."

बोलायचीस तू. "काय रे बगळ्या, आज पाय दुखतोय का," असं धूळ पुसताना म्हणायचीस. मीही म्हणायचे. ते त्याला माहीत नाही, कारण माझं कोण ऐकतंय?

त्यांचा बेत तुला सांगते. तू कोर्टात म्हटलं आहेस की या माणसानं मला छळलं. ते म्हणणार, बाईचं डोकंच ठिकाणावर नाही, छळ कसला, सगळे भास. त्याला पुरावा म्हणजे तो ढीग, आणि साक्षीदार म्हणजे मी, घरातलीच. बालवर्गाच्या बाईच्या नावावर कोर्टात असा शेरा बसला की दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात उभे राहतील. दादाला हे पक्कं कळतं. मलाही कळतं.

मी त्याला काय म्हणाले? "बघते," म्हणाले.

तुझ्यामुळे म्हणाले! तू गेलीस सुटून, आणि मला ठेवलंस इथे, त्याच्या आणि तुझ्या मधे, कागद पुढे धरलेला. जाताना एकदा मागे वळून बघितलं असतंस तर दिसलं असतं की घरात अजून एक माणूस आहे. सामान मोजताना एक नग राहिला तुझा.

लिही काहीतरी. शिव्या दे हवं तर.

४ मार्च

वहिनी,

तुझं पोस्टकार्ड आलं. उघडं कार्ड, पोस्टमनपासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. "सही करून टाक. तुला त्याच घरात राहायचंय. माझी काळजी करू नकोस."

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मला परवानगी देतेस? मोठेपणा करतेस? मी आपली इथे झोप उडवून घेतलीय, आणि तू तिकडून हात वर करून आशीर्वाद दिल्यासारखं म्हणतेस, कर ग सही, बिचारी, तुला कुठे जायला जागा आहे. असाच अर्थ होतो त्याचा. बदलून सांगू नकोस.

'त्याच घरात राहायचंय.' त्या घरात कसं राहायचं असतं हे मला शिकवतेस? तुझ्याआधी मी तिथे राहत होते.

आता मीच बोलते, कारण आपण दोघींनी अकरा वर्षांत हे एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही.

दादा कधी ओरडला नाही. हात उगारला नाही. बाहेर लोक म्हणतात, किती शांत माणूस. तो फक्त बोलणं बंद करायचा. पहिल्यांदा पडद्याच्या कापडावरून केलं होतं, आठवतं? तू त्याला न विचारता निळं आणलंस. मग समोर बसून जेवायचा आणि मला सांगायचा, "तिला सांग, उद्या डबा नको." तू हाताच्या अंतरावर बसलेली. आणि मी, घोड्यासारखी वाढलेली बाई, मान वळवून तुला सांगायची, "वहिनी, उद्या डबा नको म्हणतोय." तू म्हणायचीस, "बरं, सांग त्यांना." मी परत मान वळवायची. आठवडे चालायचं ते. त्या घरातलं टपालखातं होते मी.

तशातल्याच एका रविवारी तू चपला घातल्यास आणि म्हणालीस, "वन्सं, चल बाहेर, नाहीतर मी या भिंतीशी गप्पा मारायला लागेन." 'वन्सं' तू मला चिडवायलाच म्हणायचीस, त्या दिवशी चिडवल्यासारखं वाटलं नाही. जुन्या फर्निचरच्या गल्लीत नुसत्या भटकलो. त्या दुकानात शिरलो, ज्याचा मालक प्रत्येक वाक्य 'नाही'नं सुरू करतो, आपण ज्यांना नाही-काका म्हणतो. "नाही, बघा ना. नाही, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा आहे हा. नाही, तेव्हा लोक सोफ्यावर बसून मासिकं वाचायचे." कोपऱ्यात तो पहिला रॅक होता. काळी तार, दोन पंख उघडल्यासारखे, आणि इतके बारीक पाय की उभा कसा राहिलाय याचंच नवल. तू त्याच्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "बघ ना, काहीही धरून ठेवत नाही. आत ठेवलं तर राहतं, काढलं तर निघतं." आणि रडायला लागलीस. मला काय करावं कळेना, म्हणून मी तो विकत घेतला.

बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. त्याचा पाय कंडक्टरच्या पोटात गेला आणि तो म्हणाला, "बाई, याचं तिकीट?" तेव्हा तू जी हसत सुटलीस, ती उतरेपर्यंत.

मग दर रविवारी जायला लागलो. लोक त्याला छंद म्हणतात. आधी छंद-बिंद काही नव्हता. घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं, आणि कुठे गेला होतात असं विचारलं तर हातात दाखवायला काहीतरी. छंद नंतर लागला. जोड हातानं घासलाय की यंत्रानं, पितळ अस्सल की मुलामा, वेत मूळचा की मागाहून विणलेला, हे आपण दोघी भांडून भांडून शिकलो. कुणी नव्यावर जुना रंग मारून फसवायला बघितलं की तू रॅक उलटा करून तळ हुंगायचीस आणि म्हणायचीस, "याचा वाढदिवस गेल्या महिन्यात झाला." मला आयुष्यात एवढी मजा कधी आली नव्हती.

आणि ती सगळी मजा उचलून तू म्हणतेस, सही करून टाक. ते भंगार होतं, ती वेडी होती, असं लिहून टाक. म्हणजे ते सगळे रविवार मी माझ्या हातानं कचऱ्यात टाकायचे, कारण तुला मोठं मन दाखवायचंय.

सोमवारी वकिलाच्या ऑफिसात बोलावलंय. मी जाणार आहे. तिथे काय करणार ते तुला सांगणार नाही. तूही मला सांगितलं नव्हतंस.

१६ मार्च

वहिनी,

वकिलाचं ऑफिस एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. दादानं मला जिन्यात हात दिला. मी घेतला. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू म्हणशील, ही रागानं आंधळी होऊन गेली. तो माझा भाऊ आहे. आईबाबा गेल्यावर मला सांभाळलं त्यानं. हात दिला की घेतला जातो.

वकिलांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. "अर्जदार महिला या माझ्या भावजय असून त्या सतत जुन्या, मोडक्या व निरुपयोगी वस्तू घरात आणून..."

मी म्हटलं, "थांबा. मोडक्या दोनच होत्या. त्याही दुरुस्त केल्या. निरुपयोगी खोडा."

दादा म्हणाला, "ठमे, भाषा असते ती कोर्टाची."

वकील पुढे वाचायला लागले. "...दर रविवारी कोणालाही न सांगता एकट्या घराबाहेर जात..."

"एकट्या नाही. 'आम्ही दोघी' लिहा."

"बाई, तुम्ही अधूनमधून सोबत गेला असाल..."

"दर रविवारी. एकदा मला ताप होता तेव्हा गेले नाही, तर तीही गेली नाही."

वकिलांनी दादाकडे बघितलं. दादा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होता. माझं तोंड सुरू झालं होतं, वहिनी, आणि ते काही माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"पुढे काय आहे? निर्जीव वस्तूंशी बोलतात? मीही बोलते. आज सकाळीच बोलले. अठरापैकी अर्धे रॅक माझे आहेत, वकीलसाहेब. त्यावरून ती वेडी ठरत असेल, तर निम्मं वेड माझ्या नावावर लावा. वेडीची साक्ष कोर्टात चालते का ते तुम्ही बघा. आणि मी क्लिनिकमध्ये लोकांच्या बहिरेपणाचे अहवाल लिहिते, माझ्या सहीवर याचीच विमा कंपनी दावे मंजूर करते. ते सगळेही मग परत काढा."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे तुम्ही सही करणार नाही."

"करीन की. पण मी सांगते ते लिहा. लिहा की तो ढीग माझ्या भावानं स्वतः रचला आणि तुम्ही फोटो काढलात, मी दारात उभी होते. लिहा की समोर बसलेल्या बायकोला तो माझ्यामार्फत निरोप पाठवायचा. कोर्टात बोलवा, तिथेही हेच सांगेन."

वकिलांनी कागद दादाकडे सरकवला. खाली कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज तेवढा. मग दादा उठला. म्हणाला, "घरी चल."

ते शेवटचं. टॅक्सीत नाही, दारात नाही, जेवताना नाही. आणि आता मधे टपाल नव्हतं! 'तिला सांग' म्हणायला घरात तिसरं माणूसच उरलेलं नाही. पाण्याचा तांब्या संपला की तो रिकामा तांब्या माझ्यासमोर आणून ठेवायचा. दोन दिवस मी तो भरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी श्वाससुद्धा हळू घेतेय, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तू हे वर्षानुवर्षं गिळत होतीस आणि मी शेजारी बसून भात कालवत होते. याचा मला तुझ्यावर अजून राग आला. एकदा ताट भिरकावून द्यायचं होतंस. मी उचललं असतं.

शनिवारी क्लिनिकमधून आले तर रॅक फुटपाथवर. कचऱ्याच्या पेटीला टेकवून, ओळीनं. शिस्तीचा माणूस आहे, फेकतानाही ओळीत फेकतो. एक पितळी मोडला होता, गाडीचं चाक गेलं असावं त्याच्यावरून. बगळा नव्हे, घाबरू नकोस. हार्मोनियम दिसेना. वॉचमन म्हणाला, "आत्ताच एक बाई घेऊन गेल्या, हिरवा ड्रेस." मी पर्स तिथेच टाकून धावले. या वयात, भर रस्त्यात, "अहो हिरव्या! अहो हिरव्या!" ओरडत. चौकात गाठलं. ती म्हणाली, "टाकलेला होता. मी यात कांदे-बटाटे ठेवणार." मी म्हटलं, "अहो, साठ वर्षांचा आहे तो." ती म्हणाली, "मग बटाट्यांनी काय होणार त्याला?" खरं सांगू, तिचं काही चूक नव्हतं. पण मी रस्त्यात उभी राहून इतकी रडले की तिनं तो माझ्या हातात कोंबला आणि पळालीच बिचारी.

नाही-काकांना फोन केला. "नाही, आलोच," म्हणाले, आणि टेम्पो घेऊन आले. "नाही, सुटून जातील, दोरीनं बांधू. नाही, तुम्ही कुठे जाणार?"

मला माहीत नव्हतं मी कुठे जाणार. तोपर्यंत मला वाटत होतं रॅकच जातायत.

जिन्यातूनच क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून वरची खोली मागितली आणि घरात गेले. बॅग भरली. दादा पेपर वाचत होता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, मी जातेय. क्लिनिकच्या वरची खोली रिकामी आहे, डॉक्टरीणबाई देतात म्हणाल्या. डबा फ्रीजमध्ये आहे."

त्यानं पान उलटलं.

वहिनी, लक्षात घे. मी सांगून गेले. तोंडावर, मोठ्यानं, उभं राहून. असं जातात घरातून. उत्तर मिळो न मिळो, सांगायचं असतं.

२५ मार्च

वहिनी,

रविवारी तुझी बस सुटली म्हणून भांडण अर्धवट राहिलं. उरलेलं लिहिते.

पहिलं म्हणजे, चार महिन्यांनी माणूस दारात उभं राहतं तेव्हा काय बोलतात? तू आत आलीस, खोलीभर नजर फिरवलीस आणि म्हणालीस, "पाळणा खिडकीत का ठेवलास? वेताला ऊन लागेल." वाळली होतीस, डोळ्याखाली काळं आलं होतं, मी तुला पाणी विचारणार होते, चहा टाकणार होते. त्या एका वाक्यानं माझं सगळं विचारणं पार उडालं. डॉक्टरीणबाईंच्या रविवारच्या पेशंटनी वर बघायला माणूस पाठवला, इतकी मी ओरडले. डॉक्टरीणबाई म्हणतात, ज्यांना गेल्या आठवड्यात ऐकू येत नव्हतं त्यांनाही आलं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तू शांतपणे म्हणालीस, "सांगितलं होतं. विचारलंही होतं."

"कधी?"

"नाही-काकांच्या गोदामात. तू हार्मोनियमच्या आत डोकं घालून खिळे बघत होतीस. मी म्हटलं, वन्सं, आपण दोघी एक खोली घेऊ, हे सगळे रॅक तिथे मांडू आणि तिथेच राहू. तू हसलीस. म्हणालीस, आणि दादाला डबा कोण देणार?" आणि वर म्हणालीस, "दिवसभर लोकांचे कान तपासतेस ग तू."

तू तिथेच जिंकलीस असं तुला वाटलं असेल. तीन दिवस विचार करून आज उत्तर देते.

असं विचारतात?

धुळीत, दुसऱ्याच्या दुकानात, माणसाचं डोकं लाकडात अडकलेलं असताना? ज्या आवाजात तू 'एखादा राजवाडा घेऊन टाकू' म्हणायचीस, त्याच आवाजात? मला कसं कळावं की हा राजवाडा खरा आहे? बालवर्गातल्या पोराला बूट घाल म्हणून तू दहादा सांगतेस. मला एकदा. माझ्याकडे तपासणीला माणूस येतो ना, त्याला मी तोच सूर चार-चार वेळा ऐकवते, वाढवत वाढवत, तो बटण दाबेपर्यंत. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून मशीन बंद करून घरी पाठवत नाही कुणाला.

आणि तू म्हणालीस, "तू हसलीस तेव्हा मला वाटलं, हिचं उत्तर आलं." हसणं म्हणजे उत्तर नव्हे! मी घाबरले की हसते. अकरा वर्षांत तुला एवढंही कळलं नाही? पितळ आणि मुलामा बरा कळायचा.

आता कामाचं. दादाच्या वकिलांचा फोन आला होता. तो वेडाचा मुद्दा त्यांनी मागे घेतलाय, फोटोही देणार नाहीत. आता संमतीनं वेगळं व्हायला दादा तयार आहे म्हणाले. तुझ्या वकिलांना कळवतीलच. शाळेत कुणाला काही कळणार नाही.

काल दादानं क्लिनिकमध्ये फोन केला. अबोल्यानंतर पहिल्यांदा. "ठमे, पाण्याच्या पंपाचं बटण कुठलं?" मी सांगितलं, दाराच्या मागचं, वरचं. मग तो फोनवर तसाच राहिला. मीही राहिले. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. पूर्वी मी काहीतरी बोलले असते, जेवलास का, झोपलास का. या वेळी फोन आधी मी ठेवला. नंतर दोन पेशंटचे कान उगीच परत तपासले.

आणि शेवटचं, ज्याच्यामुळे खरं म्हणजे मी हे पत्र लिहायला बसले. बसच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर, कंडक्टरनं घंटी मारलेली, आणि तू तोंड अर्धवट वळवून म्हणतेस, "ती खोली दोघींना पुरेल का ग?"

परत तेच! चालत्या बसमधून! मी 'काय?' म्हणेपर्यंत तू खांबापलीकडे.

हे विचारणं नव्हे. हे मी चालवून घेणार नाही. येत्या रविवारी ये. दार वाजव. मी हातात काही धरणार नाही, डोकं कशात घालणार नाही, तुझ्याकडे बघत उभी राहीन. तूही माझ्याकडे बघ आणि पूर्ण वाक्यात विचार. ऐकू आलं नाही असं वाटलं तर आवाज वाढवून परत विचार. मी हसले तरी थांबू नकोस.

उत्तर काय देईन ते आत्ता लिहिणार नाही. इतक्यात राग जायचा नाही माझा, तेवढी घाई करू नकोस. पण पाळणा खिडकीतून हलवलाय. त्या जागी दुसरी कॉट बसते. मोजून बघितलं.